उद्याच्या पडद्यावर आपण कुठे?

हिंदी चित्रपटाने मुसलमानाला भूतकाळ भरभरून दिला. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधला दरबार, 'मेरे महबूब' (१९६३) मधली अलीगढ-लखनौची तहजीब, शेरवानी, मुशायरे हे सारे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. भुईगावापासून जवळच असलेल्या वसईच्या किल्ल्यात चित्रीकरणाची पथके येतात, ती पडक्या भिंतींसाठी. पडद्यावर आपल्यालाही बहुधा त्या किल्ल्याचीच जागा मिळाली आहे. भविष्यकाळाच्या कथा सांगणाऱ्या विज्ञानपटांत आपण कुठे आहोत, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

हे चित्रपट घडवण्यात मुसलमान नव्हते, असे मुळीच नाही. मंगळावरच्या माणसांची धास्ती दाखवणारा 'वहाँ के लोग' (१९६७) हा थरारपट एन. ए. अन्सारी यांनी दिग्दर्शित केला. 'मिस्टर इंडिया' (१९८७) सलीम-जावेद यांनी लिहिला. 'रा.वन' (२०११) चा नायक शाहरुख खान. पण पात्रांची नावे पाहा : अरुण वर्मा, शेखर सुब्रमण्यम. कलावंताने आपल्याच जमातीचे पात्र रंगवावे, असा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. तरीही लेखणी आपली, चेहरा आपला आणि उद्याच्या जगात वावरणारे नाव मात्र आपले नाही, ही गोष्ट खटकतेच.

पाश्चात्त्य पडद्यावरही फार वेगळे चित्र नाही. 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) मध्ये प्लुटोनियमसाठी गोळीबार करतात ते लिबियाचे दहशतवादी. 'ड्यून' (२०२१ व २०२४) च्या वाळवंटात 'महदी' आणि 'लिसान अल-गैब' हे शब्द घुमतात. पण प्रमुख भूमिकांत अरब कलावंत जवळपास नाहीत. अभिनेते रिझ अहमद यांच्या नावाने २०१८ मध्ये एक कसोटी पुढे आली. मुस्लिम पात्र दहशतवादाशी जोडलेले आहे का, ते मागासलेले किंवा आधुनिकतेचे विरोधी दाखवले आहे का, असे तिचे पाच प्रश्न आहेत. एकाचेही उत्तर 'होय' आले, तर चित्रपट नापास. परंतु ही कसोटी लावण्यासाठी मुस्लिम पात्र तर हवे! आपले बहुतेक विज्ञानपट परीक्षेलाच बसत नाहीत.

जे बसले, त्यांचे काय? २०४० च्या दशकातला भारत दाखवणाऱ्या 'लैला' (२०१९) या मालिकेत नायिकेचा पती रिझवान पहिल्याच भागात मारला जातो. 'मिशन मंगल' (२०१९) हा विज्ञानपट नव्हे, पण अंतराळमोहिमेचा थरार त्यात आहे. त्यातली शास्त्रज्ञ नेहा सिद्दीकी हिला धर्मामुळे भाड्याचे घर मिळत नाही. हे दुःख खोटे नाही. नालासोपारा-मीरा रोडच्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. तरी प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो नेहाचा घराचा शोध. तिचे यानावरचे काम मागे पडते. 'कल्की २८९८ एडी' (२०२४) मध्ये शंभालाच्या आश्रितांची प्रमुख म्हणून मरियम भेटते, तेव्हा म्हणूनच बरे वाटते. तिच्या नावाचा खुलासा तिथे कुणी मागत नाही.

वास्तव मात्र केव्हाच पुढे गेले. १९८० मध्ये एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. २०२३ च्या आदित्य-एल१ मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी. पटकथाकारांची कल्पनाशक्ती इस्रोच्या हजेरीपटाइतकीही धावू नये, याला काय म्हणावे?

परंतु दोष फक्त मुंबईच्या निर्मात्यांना देऊन भागणार नाही. चित्रपटाला कथा साहित्य पुरवते. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथेची वाट रुळवली. त्या वाटेवर मुस्लिम मराठी लेखक किती दिसतात? तलाक, दंगल, गरिबी हे विषय आपण मांडले, ते मांडलेच पाहिजेत. पण ज्याला उद्याची गोष्ट सांगता येत नाही, त्याची गोष्ट दुसरे सांगतात आणि ती आजवर कशी सांगितली गेली, ते आपण पाहिले.

कुणीतरी लिहावे : २०६० साल आहे, भरतीचे पाणी भुईगावच्या वाड्यांत शिरते आहे, आणि ते रोखण्याची जबाबदारी रेहाना नावाच्या अभियंत्यावर आहे. रात्र थोडी आहे, पाणी चढते आहे आणि तिच्या यंत्रात बिघाड झाला आहे. कथेतला सारा थरार एवढ्यावरच उभा राहावा.