वारसा सगळ्यांचा, दुरुस्ती कुणाची?

कात्रजमध्ये वारशावर बोलायचं तर तलावापासूनच सुरुवात करावी लागते. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ नेला. तो जपावा, यावर आपल्यात वाद नाही. कारण सोपं आहे, त्या नळात कुणी राहत नाही. आज आम्ही ज्या इमारतींबद्दल बोलणार आहोत, त्यांत माणसं राहतात. पेच तिथून सुरू होतो.

उदाहरण मुंबईचं घेऊ. ३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, म्हणजे साहेबाच्या सत्तेची दगडी रांग. पश्चिमेला १९३०-४० च्या दशकांतल्या सिमेंट-काँक्रीटच्या, गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती. दोन्हींना आपण सरसकट ‘वसाहतकालीन’ म्हणून मोकळे होतो. पण या दुसऱ्या रांगेमागे पैसा बराचसा इथल्याच लोकांचा होता आणि त्या शैलीत भारतीय वास्तुविशारदांनी भरपूर काम केलं. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत घ्या. ती ‘मास्टर, साठे अँड भुता’ या देशी फर्मची. तेव्हा ‘गुलामीच्या खुणा पाडा’ हेही इथे लागू पडत नाही, आणि ‘साहेबानं काय बांधलं होतं!’ हा उमाळाही नाही.

आता दादर-माटुंग्याला या. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं आखलेल्या या भागात त्याच काळात, त्याच धर्तीच्या इमारती झाल्या. तशाच बाल्कन्या, फक्त राहणारा मध्यमवर्ग. २०१२ साली वारसा यादी वाढवण्याच्या प्रस्तावात शिवाजी पार्क परिसराचं नाव आलं, तेव्हा रहिवाशांनीच कडाडून विरोध केला.

‘आपल्या लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही,’ असं यावर म्हटलं जातं. आम्हाला हे साफ चुकीचं वाटतं. १९४७ च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकानं दुरुस्तीतून हात काढला. भाडेकरू म्हातारा झाला, लिफ्ट नाही, छत गळतंय. पुनर्विकासात त्याला मालकीचं, मोठं घर मिळतं. यादीत नाव आलं की तीच वाट अरुंद होते. ओव्हलच्या रहिवासी संघटनांनी नामांकनासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण तिथे जतनामुळे घरासमोरचं मोकळं आकाशही जपलं जातं. दादरच्या भाडेकरूला जतनातून काय मिळतं? वारसा इमारतीसाठी टीडीआरची तरतूद आहे, पण ती मालकासाठी. भाडेकरूच्या हाती नुसती पाटी!

म्हणून सगळं पाडू द्यावं का? नाही. या इमारती गेल्या की रस्त्याकडे उघडणारी बाल्कनी जाते, झाडाच्या उंचीची वस्ती जाते. त्या जागी पार्किंगचे चार मजले आणि वर टॉवर येतो. नुकसान साऱ्या शहराचं आहे. मग खर्चही शहरानं उचलावा, इतकंच आमचं म्हणणं. दुरुस्तीला निधी, मालमत्ता करात सूट, दर्शनी भाग राखून मागे लिफ्ट बसवायची परवानगी, आणि भाडेकरूला हक्काची जागा. हे आधी ठरावं, यादी मग यावी. आजवर नेमकं उलटं झालं.

आणि आपण, छायाचित्रं काढून हळहळणारे? आमच्यासकट कितीजण त्या घरांत मोडक्या जिन्यानं चढून राहतील? पुण्यातही जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाच्या बैठका सुरू आहेत. तुमच्या बैठकीत कुणी ‘ही इमारत ठेवू या’ म्हणालं, तर त्याला वेड्यात काढू नका. फक्त एवढंच विचारा, ‘खर्चाचं काय?’ उत्तर असेल, तर त्याचं ऐका.