फेरखटला मागायचा कुणाकडे?

आज चीनमधल्या फेरखटल्यांबद्दल बोलू. शिक्षा कायम झालेला कैदी म्हणाला, ‘मी निर्दोष आहे, खटला पुन्हा चालवा’, तर तिथे पुढे काय होतं? एक प्रकरण घेऊ, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

मे २००३. आनहुई प्रांतातले झांग गाओपिंग आणि त्यांचा पुतण्या झांग हुई ट्रक घेऊन शांघायकडे निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलीला हांगझोऊपर्यंत सोडलं. नंतर तिचा मृतदेह सापडला. २००४ मध्ये पुतण्याला फाशी आणि काकांना जन्मठेप झाली. अपिलात झेजियांगच्या उच्च न्यायालयाने पुतण्याची फाशी दोन वर्षांसाठी स्थगित केली, काकांची शिक्षा १५ वर्षांवर आणली.

पुरावा काय होता? मुख्यतः कबुलीजबाब. मुलीच्या नखांखाली परक्या पुरुषाचा डीएनए मिळाला होता, आणि तो या दोघांचाही नव्हता! पण न्यायालयाने तो गुन्ह्याशी संबंधित नाही म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे बघा, फेरखटल्याचं कारण पहिल्या दिवसापासून फाइलमध्येच होतं.

झांग गाओपिंग यांना दूर शिनजियांगच्या तुरुंगात पाठवलं. गुन्हा कबूल करून पश्चात्ताप दाखवला तर शिक्षेत सूट मिळते, ही तिथली रीत. हे गृहस्थ कबूल करेनात. निर्दोष माणसापुढे किती विचित्र निवड ठेवली आहे! खोटं बोल आणि लवकर सुट, नाहीतर खरं बोल आणि आत राहा.

तुरुंगावर देखरेख करणारे सरकारी वकील झांग बियाओ यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी कागद वाचले आणि झेजियांगला वारंवार कळवलं. दरम्यान झांग गाओपिंग यांनी एका मासिकात हेनानमधल्या एका चुकीच्या खटल्याची हकिकत वाचली. त्यात कबुली काढून देणाऱ्या कैद्याचं जे नाव होतं, तेच त्यांच्या पुतण्याच्या खटल्यातही होतं. अखेर २०११ मध्ये नखांखालचा डीएनए जुळला, तो दुसऱ्या एका खुनासाठी २००५ मध्येच फाशी गेलेल्या माणसाशी. २६ मार्च २०१३ रोजी काका-पुतणे निर्दोष ठरले. जवळजवळ दहा वर्षं गेली होती.

पुढे झांग बियाओ यांचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच आहे. पण माझी तक्रार इथेच सुरू होते. एका भल्या माणसाची गोष्ट सांगितली की व्यवस्था अलगद सुटते. ते अधिकारी तिथे नसते तर? मासिक हाती पडलं नसतं तर? डीएनए जुळलाच नसता तर?

कायद्यात वाट आहे. कैदी किंवा त्याचे जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात. पुरावा अपुरा किंवा अविश्वसनीय असेल तर खटला पुन्हा चालवावा, असं लिहिलेलं आहे. अडचण अशी की अर्ज बहुधा ज्या प्रांतात शिक्षा झाली तिथेच फिरत राहतो. ज्याने चूक केली त्यालाच विचारायचं, ‘तुझी चूक झाली का?’ हेबेईमध्ये निए शुबिनला १९९५ मध्ये फाशी दिली. २००५ मध्ये दुसऱ्या माणसाने त्या गुन्ह्याची कबुली दिली. तरी त्याच्या आईला निकालपत्राची प्रत मिळवायलाच वणवण करावी लागली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तपासणी शेजारच्या शानदोंग प्रांताकडे सोपवली, तेव्हा गाडी हलली. डिसेंबर २०१६ मध्ये तो निर्दोष ठरला. फाशीनंतर २१ वर्षांनी.

हैनानच्या चेन मान यांचंही तसंच. त्यांचा फेरखटला झेजियांगकडे दिला गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटले. खरा गुन्हेगार सापडला नव्हता. पुरावा पुरेसा नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. आणि तेवढंच पुरेसं असायला हवं! खरा गुन्हेगार शोधून आणणं हे कैद्याचं काम नव्हे.

तेव्हा कैद्याच्या बाजूने फेरखटला मागणाऱ्याने दयेचा अर्ज करू नये. तीन गोष्टी मागाव्यात: तपासणी दुसऱ्या प्रांतात व्हावी, वकिलाला पूर्ण फाइल मिळावी आणि गुन्हा नाकारला म्हणून शिक्षेतली सूट अडवू नये. पहिली गोष्ट तिथे अपवाद म्हणून झालेलीच आहे. ती नियम व्हायला हवी. नाहीतर पुढच्या कैद्याला पुन्हा एखादा झांग बियाओ भेटण्याची वाट पाहावी लागेल.