माझ्यामागं कोण रडतंय?

दोन वर्षांपूर्वी ठाणे-डोंबिवली लोकलमध्ये गाऊन पोट भरणाऱ्या एका अंध बाईंवरच्या छोट्या माहितीपटाचं संगीत माझ्याकडे आलं. डोंबिवलीच्या घरी बसून मी त्यांच्या गाण्याखाली बासरी आणि सारंगी भरली. ऐकवल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, ‘दादा, माझ्यामागं हे कोण रडतंय?’

तो प्रश्न मनात ठेवून मी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुन्हा पाहिला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांचं गाणं पटवर्धनांनी १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये टिपलेलं होतं. पुढे चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून, २०११मध्ये, तीन तासांहून मोठा हा माहितीपट उभा राहिला.

त्यात दुःख गडद करायला बाहेरून सूर आणलेले नाहीत. घोगऱ्यांपासून पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठेंपर्यंत, जे गातात ते त्या लढ्यातलेच आहेत. घोगरे गेले हे कळल्यावर त्यांचा जिवंतपणीचा आवाज साक्षीसारखा ऐकू येतो. अर्थ बदलतो, पण त्यासाठी एकही स्वर जोडावा लागत नाही. आंबेडकरी जलशाच्या परंपरेत गाणं हाच युक्तिवाद असतो. युक्तिवादाखाली सारंगी लावली, की माणूस बोलणारा न राहता केविलवाणा होतो. माझी चूक नेमकी हीच होती.

अर्थात, संगीत न देणं म्हणजे हस्तक्षेप न करणं नव्हे. कुठलं गाणं किती वेळ चालू द्यायचं, कुठे तोडायचं, हीसुद्धा रचनाच. तिथे माझी एक तक्रार आहे: काही ठिकाणी गाणी इतकी पकड घेतात, की प्रेक्षकाला शंका घ्यायला उसंत उरत नाही. तरीही ती पकड गाणाऱ्याची असते, संगीतकाराने उसनी आणलेली नसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला, तो कथापट असूनही, हे उमगलेलं दिसतं, त्यातल्या शाहिराची गाणी संभाजी भगत यांच्याकडून आली.

मी बासरी-सारंगी काढून टाकली. मग ऐकू आलं, की लोकल कळव्याच्या खाडीपुलावर चढली की बाई हातातल्या फरशीच्या चिपा जोरात वाजवतात आणि पट्टी वर नेतात. पुलाच्या खडखडाटाला त्यांनी केव्हाच साथीला घेतलं होतं. माझं काम एवढंच उरलं: तो पूल संपेपर्यंत ध्वनी न तोडणं.

श्रेयनामावलीत ‘संगीत’ या शब्दापुढे मी त्यांचं नाव लिहायला सांगितलं.