जन्मसालाचं पोस्टर नेमकं कोणाचं?

आई-बाबा साठीला आले की आपल्या पिढीची एक ठरलेली धांदल सुरू होते. साडी देऊन झालेली असते, मोबाइल देऊन झालेला असतो, चारधाम 'पुढच्या वर्षी बघू' वर अडकलेलं असतं. मग भावंडांच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकतं: जन्मसालाचं पोस्टर. मधोमध आईचा फोटो, भोवती त्या सालातल्या घडामोडी, फ्रेमसकट घरपोच. या वस्तूंकडे आपण फक्त गिफ्ट म्हणून बघतो. पण त्यात मजकूर असतो, काय घ्यायचं आणि काय गाळायचं याची निवड असते, एका माणसाच्या आयुष्याबद्दल एक विधान असतं. त्यामुळे पुस्तकाचं करतो तसं त्यांचं परीक्षण करायला काहीच हरकत नाही.

१९६६ साल घेऊ, कारण त्या सालात जन्मलेले यंदा साठ वर्षांचे होतायत. पोस्टरवर काय येईल? जानेवारीत ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचं निधन, त्याच महिन्यात इंदिरा गांधी पंतप्रधान. ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर. 'तीसरी मंज़िल' थिएटरात. नोव्हेंबरात रीटा फारिया मिस वर्ल्ड. सोबत सोन्याचा भाव, कारण तो वाचून 'अरे बापरे' म्हणायला सगळ्यांनाच आवडतं.

ही सगळी माहिती खरी आहे. पण हे सगळं घडलं तेव्हा आई पाळण्यात होती, किंवा जन्मायचीच होती. साठ वर्षांच्या आयुष्यातलं जे साल तिला अजिबात आठवणं शक्य नाही, नेमकं तेच आपण फ्रेम करून तिला 'आठवण' म्हणून देतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर हे एक टेम्पलेट आहे आणि त्यात व्हेरिएबल फक्त दोन: साल आणि फोटो. फोटो काढून टाकला तर तेच पोस्टर त्या साली जन्मलेल्या कोणाच्याही भिंतीवर चालेल. ते त्या सालाचं चरित्र असतं, आणि आई त्यात पाहुणी असते.

माझ्या आईला जुन्या दिवसांबद्दल विचारलं की ती ७२च्या दुष्काळापासून सुरुवात करते. सहा वर्षांची होती. घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी मिळायची, आणि बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तिचं तोंड आजही वाकडं होतं. ताश्कंदबद्दल ती एक वाक्य बोलू शकत नाही. मिलोबद्दल अर्धा तास बोलते. पोस्टरमध्ये मिलोला जागा नाही.

दुसरी अडचण तारखेची. 'तुमच्या जन्माच्या दिवशीचं वर्तमानपत्र' हाही याच कुळातला प्रकार. आता जरा घरातल्या मोठ्यांची आधार कार्डं काढून बघा. १ जून किती जणांच्या नावापुढे आहे? महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांमध्ये नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे जूनमध्ये शाळेत बसवताना वय बरोबर भरायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदाच मुळी १९६९चा. माझ्या आईचीही तारीख १ जून. ही खरं तर डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. फील्ड रिकामं होतं, सिस्टिमला काहीतरी हवं होतं. आजी सांगते की आई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. त्या दिवशीचं वर्तमानपत्र छापून देणारी वेबसाइट पोळा हा इनपुट घेत नाही. ती १ जूनचा पेपर देईल, आणि आई त्या दिवशी जगात नव्हतीच.

पोस्टरपेक्षा वरच्या दर्जाची वस्तू म्हणजे सारेगामाचा कारवाँ. फेब्रुवारी २०१७मध्ये आला, आत ५००० गाणी, दिसायला जुना रेडिओ. डिझाइन म्हणून मला तो मनापासून आवडतो. पासवर्ड नाही, अपडेट नाही, बटण फिरवलं की गाणं. अमीन सायानींची गीतमालासुद्धा आत आहे. बाबांना 'अॅप उघडा, मग सर्च करा' हे शिकवण्यापेक्षा तो केव्हाही बरा. जाहिरातही सरळ मुलांशी बोलणारी: आईबाबांना द्या.

पण आतली निवड कोणी केली? सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, एचएमव्हीवाली. कंपनीच्या कपाटात जे आहे तेच पेटीत येणार. १९६६ला जन्मलेली मुलगी 'कयामत से कयामत तक' आला तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि 'आशिकी' आला तेव्हा चोवीस. दोन्हींचं संगीत टी-सीरिजचं. म्हणजे लहानपणी विविध भारतीवर ऐकलेलं, मोठ्यांच्या आवडीचं बरंच काही तिला पेटीत सापडेल. पण स्वतः पैसे जमवून घेतलेली, टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळलेली ती कॅसेट दुसऱ्या कंपनीच्या कपाटात आहे. 'जुनी गाणी' हा शब्द आपण इतक्या ढोबळपणे वापरतो की आजोबांची तरुणाई आईच्या नावावर खपून जाते. नॉस्टॅल्जियालाही कॉपीराइट असतो, हे ती पेटी नकळत सांगते.

तिसरा प्रकार प्रश्नांच्या वहीचा: 'आई, तुझी गोष्ट सांग'. कल्पना तिन्हींत सगळ्यात चांगली, कारण इथे रिकामी जागा आहे आणि ती तिने भरायची आहे. फक्त प्रश्न बहुतेकदा परदेशातून उचललेले. तुझी पहिली कार कोणती? तुझी स्वतःची खोली कशी होती? ज्या घरात नऊ माणसं एका खोलीत झोपायची तिथे या प्रश्नापुढची ओळ कोरीच राहणार. आणि कोरी ओळ बघून आईला वाटणार की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

आपल्याकडे वय मोजण्याची एक जुनी पद्धत आहे, सहस्रचंद्रदर्शन. साधारण ८१व्या वर्षी माणसाच्या वाट्याला हजार पौर्णिमा येऊन गेलेल्या असतात, म्हणून हा सोहळा. वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा, म्हणजे गणित जुळतं. धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी यातला शब्द मला महत्त्वाचा वाटतो: दर्शन. त्या माणसाच्या डोळ्यांना काय दिसलं, हे इथे मोजण्याचं एकक आहे. पोस्टर नेमकं उलटं करतं, जगात काय घडलं ते मोजतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'पण आईला आवडतं की!' आवडतंच. ती पोस्टर हॉलमध्ये लावते, शेजारच्या काकूंना दाखवते. पण तो आनंद 'मुलांनी आठवणीने केलं' याचा असतो. तो साध्या पेढ्यांच्या बॉक्सनेही झाला असता. म्हणून आईच्या आनंदावरून वस्तूचं मूल्यमापन करता येत नाही. या वस्तू बनतात आपल्यासाठी. साठ वर्षं एका चौकटीत बसवून स्टेटसला टाकता येतात, आणि विचारायचं राहून गेलेलं सगळं जणू विचारून झाल्यासारखं वाटतं.

घाई मात्र खरी आहे. १९६६चं वर्तमानपत्र कुठल्यातरी संग्रहात पुढची शंभर वर्षं राहील, त्याची काळजी नको. ओल्या रंगाचा पोळा फक्त आजीला माहीत आहे, आणि ती नव्वदीकडे झुकली आहे. ऐकायलाही आता कमी येतं. तेव्हा तुमच्या घरात साठीचा वाढदिवस जवळ आला असेल आणि बजेट दीड हजार असेल, तर एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुमच्या घराला लागू पडेल असा एकच प्रश्न लिहा. आमच्याकडे तो असेल: मिलोची भाकरी कशी लागायची? उरलेल्या पैशांत एसटीने किंवा ट्रेनने घरी जा, आणि उत्तर ऐकायला समोर बसा.