आडवाटा कोणाच्या? : ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’चे एक वाचन

स्टीफन मेरिडिथ एडवर्ड्स (१८७३–१९२७) या इंग्रज सनदी अधिकाऱ्याचे नाव मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. ‘द राइज ऑफ बॉम्बे’ (१९०२) हा त्याचा ग्रंथ आणि १९०९-१० मधील मुंबई शहर व बेटाच्या गॅझेटियरचे खंड आजही संदर्भासाठी उघडावे लागतात. १९०९ ते १९१६ या काळात तो मुंबईचा पोलीस आयुक्त होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एटोनेन्सिस’ या टोपणनावाने त्याने काही शब्दचित्रे लिहिली होती. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ हे त्यांचे पुस्तक. त्याची १९१२ ची आवृत्ती चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या चित्रांसह डी. बी. तारापोरवाला सन्स यांनी काढली. (प्रकाशकांच्या आडनावात आमचे तारापूर आहे, हे बोईसरच्या वाचकांच्या लक्षात येईलच.) परदेशी लेखकाने आशियातील एखाद्या शहराची अपरिचित बाजू धुंडाळावी, या प्रकारच्या लेखनाचा मुंबईपुरता हा एक ठळक नमुना होय. आज तशा पुस्तकांचे पेव फुटले आहे. म्हणून या जुन्या नमुन्याची परीक्षा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्रथम त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मोहरम, कसुंब्याचा अड्डा, मुंबईतील सिद्दी, इम्तियाजन आणि नूरजान यांसारख्या स्त्रिया हे त्याच्या लेखांचे विषय आहेत. तत्कालीन मुंबईतील आमचा शिकलेला पांढरपेशा वर्ग ज्या मोहल्ल्यांकडे पाठ फिरवून चालत असे, तेथे हा परका मनुष्य थांबला आणि त्याने पाहिले. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु पाहणारा कोण होता, हा प्रश्न उरतोच. मोहरमच्या टोळ्या आणि ताबूत हा ज्याच्या लेखणीचा रंगीत विषय, त्याच्याच हाती त्या मिरवणुकीचा परवानाही होता. १९११ च्या मोहरमात दंगल होऊन गोळीबार झाला आणि १९१२ पासून त्याने घातलेल्या नव्या नियमांमुळे टोळ्यांच्या जुन्या मिरवणुका मोडीत निघाल्या. शांततेसाठी ते आवश्यक होते की नव्हते, हा वाद येथे करावयाचा नाही. वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की या पुस्तकातील आडवाट ही पहाऱ्याखालची वाट आहे. तिच्यावर चालणारा प्रवासी वाटेवरच्या माणसांना उत्तरदायी नव्हता. ती माणसे मात्र त्याला उत्तरदायी होती.

आता आमच्या विषयाकडे वळू. मुंबईच्या आडवाटांच्या या पुस्तकात काही लेख मुंबईबाहेरचे आहेत. एक शिवजन्मस्थानावर, दुसरा जुन्नरजवळच्या ‘गणेश लेण्यां’वर, तिसरा नाशिकच्या ‘पांडु-लेण्यां’वर. ही लेणी बौद्ध भिक्षुसंघासाठी कोरलेली आहेत हे गॅझेटियरच्या संपादकाला ठाऊक नसणे संभवत नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेली नाशिकच्या लेखांची वाचने १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये छापली गेली होती. तरीही लेखांच्या माथ्यावर जी नावे आली ती वाटेवर ऐकलेली. पांडवांनी नाशिकला काही कोरले नाही आणि लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यातील विहार गणपतीसाठी खोदलेला नाही. ही नावे एडवर्ड्सने निर्माण केली नाहीत, ती रूढच होती. आमचा आक्षेप निराळा आहे. अपरिचित बाजू दाखविण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याने सर्वपरिचित नावावर समाधान मानले, तर त्याची आडवाट हमरस्त्यालाच मिळते.

शिवाय जुन्नर-नाशिकची लेणी मुंबईच्या पुस्तकात का यावीत, याचे खरे उत्तर त्या लेण्यांच्या भिंतींवरच आहे. लेण्याद्रीला गणेश मंदिराशेजारी सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे, असे तेथील लेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार किंवा कोषाधिकारी. कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. त्याच वाटेने कल्याणच्या माणसाची श्रद्धाही घाट चढून गेली.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेख आम्हा पालघरकरांच्या अधिक जवळचा आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची ती जंत्री आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे. पुढे नद्यांची नावे येतात : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने नावांची विनामूल्य उताराची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी आणि दमण म्हणजे दमणगंगा, असे अभ्यासक मानतात. बोईसरहून डहाणूला रोज गाडीने जाणाऱ्यास हे वाचून नवल वाटेल. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरचा पांथस्थ पैसा न देता पैलतीरी जात होता आणि तेथे त्याच्यासाठी पाणी भरून ठेवलेले असे. जगाला तारापूर ठाऊक झाले ते १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुविद्युत केंद्रामुळे आणि बोईसर ठाऊक झाले ते कारखान्यांमुळे. डहाणूच्या नदीचे नाव मात्र सह्याद्रीपलीकडच्या एका विहाराच्या भिंतीवर केव्हाचे कोरलेले आहे.

याच लेण्यात उषवदाताच्या अक्षयनीवीचाही लेख आहे. तीन हजार कार्षापणांपैकी दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने ठेवले आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीत पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बरोबर पुरते. धर्मदानाचा इतका चोख ताळेबंद ज्या भिंतीवर आहे, तिला पांडवांच्या वनवासाची कथा चिकटवावी लागते, हे त्या भिंतीचे दुर्दैव नव्हे, वाचणाऱ्यांचे आहे.

मात्र येथे आमच्या वाचकांनीही एक पथ्य पाळावे. उषवदात हा केवळ बौद्ध दाता नव्हता. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावे आहेत, भोजने आहेत, सोपाऱ्याच्या रामतीर्थावरील चरक परिव्राजकांना दिलेली नारळाची झाडेही आहेत. लेखातील सोयीचा तेवढा भाग उचलणे ही एडवर्ड्सच्या शीर्षकाचीच दुसरी बाजू होईल.

राहिले सोपारे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तेथील बुरुड राजाचा कोट उकरला आणि स्तूपाच्या पोटातून दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ बुद्धप्रतिमा बाहेर आल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला होता. फोर्टातून नाशिकपेक्षा सोपारे कितीतरी जवळ आणि रेल्वेही होतीच. तरी या पुस्तकात सोपाऱ्यावर प्रकरण नाही. आम्हास यात द्वेष दिसत नाही, रुचीचा कल दिसतो. सोपाऱ्यात पाहण्यासारखे म्हणजे विटांचा एक ढीग होता. कसुंब्याचा अड्डा तेथे नव्हता आणि नूरजानचे गाणेही नव्हते. चित्रमयतेच्या शोधात निघालेल्यास ढिगाकडे जावेसे वाटत नाही.

याच सुप्पारकाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका परक्याची कथा ‘उदाना’त आहे. बाहिय दारुचीरिय हे त्याचे नाव. गलबत फुटून तो किनाऱ्याला लागला, अंगावर लाकूड-सालींचे आच्छादन घेतले आणि ते पाहून लोकांनी त्याला अर्हत ठरविले, असे अट्ठकथा सांगते. पुढे श्रावस्तीला तथागतांनी त्याला जो उपदेश केला, तो पाहिलेल्यावर आपल्या मनाचे काही न चढविण्याचा होता. प्रवासवर्णनाच्या परीक्षेला यापेक्षा कडक कसोटी आम्हास ठाऊक नाही. एडवर्ड्सची उत्तम पाने या कसोटीच्या जवळ येतात. लेण्यांच्या शीर्षकांपाशी मात्र तो ऐकीव तेच घेतो.

अलीकडे ‘त्रिरश्मी बुद्ध लेणी’ हे नाव आपल्या लोकांत रूढ होत आहे, ते योग्यच आहे. डोंगराचे ते नाव लेखांतूनच आलेले आहे. परंतु पालघर-बोईसरहून वर्षावासात निघणाऱ्या सहली नाशिकला पोहोचतात, वंदना होते, छायाचित्रे निघतात आणि दहाव्या लेण्यातील दाहनुकेचे नाव न वाचताच गाडी परत फिरते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभाजवळून आपण असेच पुढे जातो. तो सधातु स्तंभ सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय परंपरेतील भाणक सातिमित याने दिलेला आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत ठेवणारा भिक्षू. त्याचे नाव आणि त्याचे गाव त्या स्तंभावर अजून वाचता येते.