विंचू, ७० रुग्ण आणि दहा तास

पेपर हातात घेतला की आपण आधी खोट शोधतो. जर्नल क्लबमध्ये शिकवतातच ते म्हणा. हिंमतराव आणि प्रमोदिनी बावसकर यांचा बीएमजेमधला २०११ चा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही समासात खरडलं होतं: 'एकच केंद्र, ओपन लेबल, फक्त ७० रुग्ण'. आणि पान उलटलं. परवा तो पुन्हा वाचला आणि लक्षात आलं, घाई केली.

विषय आपल्या कोकणातलाच. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. मग अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं भसाभस रक्तात येतात. घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब; पुढे हृदय थकलं की फुप्फुसात पाणी. महाडच्या बावसकरांनी यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली आणि १९८६ मध्ये लॅन्सेटमधून ते मांडलं. त्यानंतर मृत्यू खूप घटले. पण ती तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची. त्यात रुग्ण दवाखान्यात लवकर पोचू लागणं वगैरेही मिसळलेलं असू शकतं.

२०११ चा प्रश्न पुढचा होता: प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं अँटिव्हेनम दिलं तर? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ३५-३५ चे दोन गट. दहा तासांनी सगळी लक्षणं गेलेले रुग्ण जोड-उपचाराच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास आणि १७.७ तास.

आता '७० म्हणजे कमी' हा माझा शेरा बघा. नमुना पुरेसा आहे की नाही हे फरक किती मोठा आहे त्यावर ठरतं. इथे तीन रुग्णांना अँटिव्हेनम दिलं तर साधारण दोघे जास्त बरे होतात. एवढा फरक दिसायला हजार माणसं लागत नाहीत.

ओपन लेबलचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरला माहीत, आणि 'घाम थांबला' हे ठरवणाराही तोच गट. रक्तदाब आकड्यात मोजता येतो, घाम नाही. तरी नुसत्या पूर्वग्रहाने ८ चे ३२ होतील हे मला पटत नाही. शिवाय नातू आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या पेपरचा कौलही अँटिव्हेनमच्याच बाजूने आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती पेपरपेक्षा वाचणाऱ्यांबद्दल जास्त आहे. 'अँटिव्हेनमने जीव वाचतात, हे सिद्ध झालं' असं वाक्य मी सेमिनारमध्ये ऐकलंय, त्याखाली हाच पेपर. पण इथे मोजलाय तो बरं होण्याचा वेळ. मृत्यूतला फरक मोजायला प्राझोसिनच्या काळात ७० रुग्ण खरंच अपुरे. माझा शेरा इथे लागू होता, मी तो चुकीच्या जागी लिहिला. आणि रुग्ण कोण घेतले होते? दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे हृदय-फुप्फुसांवर परिणाम न झालेले. फुप्फुसात पाणी झालेला माणूस रात्री दोनला रिक्षातून आणला, तर त्याच्याबद्दल या तक्त्यात एकही ओळ नाही.