नाचऱ्या हॅम्स्टरांची रसमीमांसा

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगून ठेवले आहेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. मुनींचा अभ्यास दांडगा, त्याबद्दल वादच नाही. पण एकाच पानावर 392 हॅम्स्टर नाचताना त्यांनी पाहिले नव्हते. मी पाहिले आहेत. तेव्हा सातव्या प्रकाराबद्दल चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो.

हॅम्स्टर म्हणजे उंदराच्या नात्यातला, फुगऱ्या गालांचा, तोकड्या शेपटीचा प्राणी. कॅनडात नानाइमो म्हणून गाव आहे, तिथल्या डीड्री लाकार्ट नावाच्या कलेच्या विद्यार्थिनीने असा एक पाळला होता. नाव हॅम्प्टन. 1998 साली तिची बहिणीशी आणि मैत्रिणीशी चुरस लागली, की इंटरनेटवर कोणाच्या पानाला जास्त लोक भेट देतात. बाईंनी काय करावे? नाचणाऱ्या हॅम्स्टरांची चार हलती चित्रे घेतली आणि तीच पुन्हा पुन्हा मांडून पान भरून टाकले. साथीला डिस्नेच्या 1973 सालच्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या गाण्याचा नऊ सेकंदांचा तुकडा, तोही असा पळवलेला, की गायक चिमणीसारखा चिवचिवतो. तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. ‘हॅम्स्टर’च्या स्पेलिंगात एक ‘पी’ जास्तीचा पडला होता. तोही पुढे जगभर मिरवला. सुरुवातीला त्या पानाकडे काळे कुत्रे फिरकले नाही. 1999 मध्ये मात्र एकाने दुसऱ्याला कळवता कळवता सारे जग तिथे लोटले.

आता याची समीक्षा करायची कशी? कथानक नाही, पात्रांचा विकास नाही, संघर्ष तर औषधालासुद्धा नाही. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. इथे संवाद भरपूर, कारण सगळे एकाच तालात. विरोध कोणाचाच नाही. समतोल तेवढा जातो, तो पाहणाऱ्याचा. तिसऱ्या मिनिटाला आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातून विचारले, “अहो, ते काय चाललंय?” याचे उत्तर मला देता आले नाही, आणि माझ्या मते या कलाप्रकाराचे मर्म तिथेच आहे.

लोक म्हणतात, हा वेडेपणा. मी म्हणतो, ही काटकसर! त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून ठिबकत यायचे. एक छायाचित्र वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. असल्या नळीतून चित्रपट कुठला यायला? पण 1987 साली निघालेल्या जीआयएफ नावाच्या प्रकारात चारदोन चित्रांची गड्डी बांधता येई आणि ती आपली आपण उलटत राही. शिवाय एकदा घरात आलेले चित्र पानावर कितीही वेळा दाखवा, तारेवर नवा बोजा नाही. म्हणजे शेरभर तांदळात 392 पानांची पंगत! गृहिणींना यातले शास्त्र समीक्षकांच्या आधी कळेल.

पुढे फ्लॅश आले. 1996 अखेर मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतलेले हे सॉफ्टवेअर चित्र ठिपक्यांनी नव्हे तर रेषांच्या गणिताने साठवी, म्हणून बोजा कमी. आता कुठल्याही रिकामटेकड्या पोराला घरबसल्या चित्रपट काढता येऊ लागला, आणि पोरांनी तो काढला. 2003 साली इंग्लंडच्या जोंटी पिकिंगने बॅजर नावाच्या काळ्यापांढऱ्या तोंडाच्या प्राण्यांना उठाबशा काढायला लावल्या. मधेच एक अळंबी येते. मग साप येतो. मग पुन्हा बॅजर. संपले. म्हणजे संपत नाहीच. आजीच्या मांडीवर बडबडगीते ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. तिथे तरी कुठे अर्थ होता?

मात्र सगळेच बडबडगीत इतके निष्पाप नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ‘झीरो विंग’ या जपानी खेळाच्या युरोपी आवृत्तीत ‘तुमचे तळ आम्ही ताब्यात घेतले आहेत’ एवढेच सांगायचे होते. पण इंग्रजी असे मोडून पडले, की 2001 साली त्या एका वाक्याचे चलच्चित्र होऊन जग हसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नील सिसिरीगा या चौदा वर्षांच्या मुलाने पोकेमॉनच्या जपानी गाण्यावर कापलेल्या फोटोंचा असा गोंधळ घातला, की त्यातून ‘अ‍ॅनिम्यूटेशन’ नावाचा पंथच निघाला. जपानी शब्द जसे कानाला लागले तसे इंग्रजीत लिहायचे, ही त्यातली एक गंमत. 2007 मध्ये हाच प्रयोग प्रभुदेवाच्या एका तमिळ गाण्यावर झाला. मी तो पाहिला, हसलो, आणि हसताना थोडा अवघडलो. हॅम्स्टर कोणाला हसत नाहीत. इथे मात्र कोणाची तरी जीभ हसण्याचा विषय आहे, आणि तमिळ ही ज्याची आईची भाषा त्याच्या कानाला तिथे काहीच विचित्र लागत नाही. सिसिरीगाच्या पोरखेळात गाणे आवडल्याची खूण तरी दिसते. म्हणून तो मला वरच्या पंक्तीला बसवावासा वाटतो.

आज वारसा विचाराल तर तो घरोघरी, प्रत्येक फोनमध्ये आहे. नऊ सेकंद, पुन्हा नऊ सेकंद. पण तेव्हा तुकडा फिरायचा तो पुढे द्यायला काही नव्हते म्हणून. आता फिरतो तो तुम्ही किती सेकंद खिळून बसलात याचा कोणीतरी हिशेब ठेवतो म्हणून. अटलांटाच्या चॅपमन बंधूंचे ‘होमस्टार रनर’ 2000 पासून जाहिरातीविना चालले. प्रपंच निभावला टी-शर्ट विकून. असला धंदा आज कोणी काढला तर घरचेच डॉक्टरकडे नेतील.

आणि 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा कारभार आटोपला. सुरक्षेच्या दृष्टीने ते जाणे रास्तच होते. पण घराबरोबर भाडेकरूही रस्त्यावर आले. शोकांतिका असती तर परिसंवाद झाले असते. बॅजरांसाठी कोण बसवणार अध्यक्ष? धावले ते हौशी लोकच. त्यांनी ‘रफल’ नावाचे सॉफ्टवेअर बिनपैशांनी लिहायला घेतले, आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने नोव्हेंबर 2020 मध्येच अशी चलच्चित्रे जपून ठेवायला सुरुवात केली होती. आता ती तिथे जाऊन पाहता येतात. फक्त आवाज आधी कमी करून ठेवा. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो.